बारशाचा राउटर

रेणूच्या बारशाला पाळण्याखाली झबली आली, चांदीचे वाळे आले, मैनाबाईमावशीनं हातानं शिवलेलं दुपटं आलं. सगळ्यांत शेवटी उमरखेडच्या जावईबापूंनी स्वतः वाकून एक मोठा काळा खोका ठेवला. बायका माना लांब करून बघू लागल्या. खोक्यातून निघालं ते सहा शिंगांचं, चपटं, उताण्या पडलेल्या किड्यासारखं यंत्र.

“हे काय हो?” रत्नप्रभाबाईंनी विचारलं. त्या रेणूच्या आजी, गौरीच्या आई.

“राउटर आहे, मामीजी.” अवधूत हसला. त्याचं हसू फार गोड होतं, सगळे तसंच म्हणायचे. “तुमच्याकडे हजार एमबीच्या वेगाचं फायबर येतंय ना? कंपनीवाले कसलंतरी डबडं देतात. माझी लेक जिथं आहे तिथं डबडं नको.”

गौरीचे वडील मधुसूदनराव कचेरीतून निवृत्त झाले होते, पण जावयासमोर अजून साहेबापुढं उभं राहिल्यासारखे उभे राहत. “एवढं कायले जावईबापू? आम्ही तं लेकीच्या घरचं पाणीही घेत नाही.”

“तुम्हाला कुठं देतोय मामाजी? रेणूला देतोय. बारशाचं आहे.”

झालं, तिथंच विषय मिटला. पाळण्याखाली ठेवलेली वस्तू परत करायची नाही आणि घराबाहेरही काढायची नाही, काढली तर लेकराच्या वाट्याचं सुख सोबत जातं, असं रत्नप्रभाबाईंच्या सासूनं सांगून ठेवलेलं होतं. त्यांनी यंत्राला हळदीकुंकू वाहिलं. गौरी पाळण्याची दोरी धरून बसली होती. तिच्या हातातली दोरी तेवढी क्षणभर थांबली.

गौरी बाळंतपणाला यवतमाळला आली होती ती परत न जाण्याचं मनाशी ठरवूनच. हे तिनं फक्त वडिलांना सांगितलं होतं, तेही अर्धंमुर्धं. सांगायचं तरी काय? अवधूतनं कधी हात उगारला नव्हता की आवाज चढवला नव्हता. तो नुसता बाहेर जाताना दाराला बाहेरून कुलूप घालायचा. “तुझ्या काळजीपोटी गं.” तिच्या फोनवर आलेलं सगळं तिच्याआधी तो वाचायचा. आणि ती आईशी काय बोलली, ते संध्याकाळी जेवताना तिलाच हसत हसत सांगायचा.

आता तिच्या हाताशी एकच दोर होता. पुण्याची एक कंपनी घरबसल्या काम देत होती. दवाखान्यांतून आलेली स्कॅनची चित्रं बघून त्यांवर खुणा करायच्या. फायली एवढ्या अवजड, की मोबाइलचं नेट चालणार नाही, वायरनं आलेली वेगवान लाइनच हवी, ही त्यांची अट. फायबर घेतलं ते त्यासाठी. नोकरी लागली तर ‘मी आणि रेणू कुणाला जड नाही’ असं ती बापाला ताठ मानेनं म्हणणार होती. नाही लागली, तर उन्हाळा सरताच ओटी भरून, पाळणा देऊन पाठवणी. दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी तसं बोलूनही ठेवलं होतं.

फायबर जोडायला आलेल्या माणसानं भिंतीवर पांढरा डबा ठोकला. “या डब्याले नुसतं आणता येते ताई. घरात वाटाले राउटर पाह्यजे.” मग ते सहा शिंगांचं बघून तो खूशच झाला. अवधूत उमरखेडहून व्हिडिओवर होता. “तुम्ही नुसती वायर खोचा, बाकी सगळं मी इथूनच मांडतो.” आणि त्यानं मांडलंही. वेग असा आला की मधुसूदनराव शेजारच्या नेमसिंगकाकांना घेऊन आले. टीव्हीवर भजन लागलं, ते जराही न अडखळता. नेमसिंगकाका म्हणाले, “जावाई असावा तं असा!”

चार दिवसांनी अवधूतचा फोन आला. रेणूची चौकशी झाली, तिच्या सर्दीची झाली. मग अगदी सहज त्यानं विचारलं, “काल दुपारी कुणाशी बोलत होतीस गं एवढा वेळ?”

“कुणाशी नाही.”

“व्हिडिओवर होतीस.”

काल कंपनीच्या बाईंशी पहिली ओळख झाली होती. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? राउटरच्या ॲपमध्ये सगळं दिसतं, कोण कधी लागलं, किती वेळ. अगं घाबरतेस काय? बापानं लेकीच्या घरावर लक्ष ठेवू नये का?” तो हसला. “बाळ झोपलं की तूही झोपत जा. डोळ्यांखाली काळं आलंय तुझ्या.”

डोळ्यांखालचं काळं त्याला कधी दिसलं, हे तिनं विचारलं नाही.

मुलाखतीच्या दिवशी तिनं रेणूला पाजून आईच्या मांडीवर दिलं, केस बांधले, लॅपटॉप उघडला. समोर समीक्षा देशमुख नावाच्या बाई. दोन प्रश्न छान गेले. तिसऱ्याला बाईंचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठला, मग पडदाच काळा झाला. गौरी पळत बाहेर आली. बैठकीत टीव्हीवर भजन खणखणीत चालू होतं. आईच्या फोनवर नेट, बाबांच्या फोनवर नेट. मेला होता तो फक्त तिचा लॅपटॉप. राउटरचे दिवे शांतपणे लुकलुकत होते.

तिच्या फोनवर मेसेज आला. अवधूतचा. “रेणू रडत असेल. आधी तिच्याकडे बघ.”

रेणू रडत नव्हती. आजीच्या मांडीवर पालथी पडून पदर चोखत होती.

बाईंनी मोठ्या मनानं परवाची वेळ दिली. “पण लाइनचं तेवढं बघा हं. कामात असं झालं तर चालणार नाही.”

त्या दुपारी गौरीनं आईबापाला समोर बसवून सगळं सांगितलं. या खेपेला अर्धंमुर्धं नाही, कुलपापासून सगळं.

“मंग त्याचा पासवर्ड बदलून टाक ना,” मधुसूदनराव म्हणाले.

“तो त्यांच्याच ॲपमधून बदलतो बाबा. पुसून नव्यानं मांडायला गेलं तरी आधी त्यांचंच खातं मागतो. राउटर आपल्या भिंतीवर आहे, पण किल्ली तिकडं आहे.”

“काळजी असते पुरुषाले,” रत्नप्रभाबाई कसनुशा होऊन म्हणाल्या. “आन् बारशाची वस्तू हाय बाई. लेकराचं वाईट होईल असं काही नोको करू.”

मधुसूदनराव उठले, हेल्मेट घेतलं आणि दारात उभे राहिले. “चल. दत्त चौकात दुकान हाय एक.”

दुकानदार बळीराम उत्साही होता. त्यानं आधी शिंगांवालाच काढला. “हा घ्या ताई. ॲपवर चालते. तुम्ही नागपुरात बसा, न् घरचं कोणाचंही नेट बंद करा!”

मधुसूदनरावांनी मान वळवून रस्त्याकडं पाहिलं.

“वायर खोचायच्या सगळ्या खाचा हजाराच्या वेगाच्या आहेत असा दाखवा,” गौरी म्हणाली. तिनं रेणूला पाजता पाजता फोनवर वाचून काढलं होतं सगळं. स्वस्तातल्या कितीतरी राउटरच्या खाचा शंभराच्याच असतात. नदी घरापर्यंत आणायची आणि पुढं बारीक तोटी लावायची, तसं होतं ते.

बळीरामनं खालच्या फळीवरून एक करडा, बुटका डबा काढला. त्यावरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली. “खाचा हजाराच्या हायेत. पण वायफाय मागच्या खोलीत दमते. आन् याले ॲप नाही जी. घरात बसून, वायर खोचूनच मांडा लागते.”

“बाहेरून कोणालाच दिसत नाही? बंदही नाही करता येत?”

“कोणालेच नाही. म्हणून तं खपत नाही ना तो.”

“हाच दे,” मधुसूदनराव म्हणाले. गौरीच्या आधी.

फेरमुलाखतीच्या दिवशी चहासुद्धा न घेता त्यांनी आपल्या हातानं बारशाच्या राउटरची पिन काढली. त्याचे लुकलुकते दिवे विझले. “घराबाहेर नाही काढत मी,” ते बायकोला म्हणाले, “कपाटात ठेवतो.” गौरीनं करडा डबा जोडला, लॅपटॉपला वायर लावली, नवा पासवर्ड घातला. घरात तो कोणालाच सांगितला नाही, आईलाही नाही.

चहा उकळतोय तोवरच मधुसूदनरावांचा फोन वाजला. पडद्यावर ‘जावईबापू’. ते बघत राहिले. आजवर त्यांनी त्या फोनची दुसरी घंटी होऊ दिली नव्हती. वाजून वाजून थांबला. मग रत्नप्रभाबाईंचा वाजला. त्यांनी तो पिठाच्या हातानं पालथा घातला. मग गौरीचा. मग पुन्हा पहिल्यापासून. रेणू दचकून उठली. गौरीनं तिला उचलून छातीशी धरलं, तिच्या टाळूवर ओठ टेकले आणि तशीच उभी राहिली.

मग एकाएकी सगळे फोन गप्प झाले.

आंघोळी उरकल्या, पोळ्या झाल्या, तरी एकही घंटी नाही. वाजत होते तेव्हा तरी तो कुठंतरी लांब फोन धरून बसलाय, हे कळत होतं. आता तेही कळेना. मुलाखतीची वेळ होत आली. गौरी लॅपटॉपपुढं बसली. वेग पाहिला, पूर्ण होता. समीक्षाबाई पडद्यावर आल्या, स्वच्छ, हललेल्या पापणीसकट.

“गौरी, ऐकू येतंय नीट?”

“हो मॅडम, एकदम नीट.”

तेवढ्यात खिडकीबाहेर कुंपणावरून नेमसिंगकाकांचा आवाज आला. “ओ मधुसूदनराव! जावायाचा फोन आलता माह्यावर. म्हणे घरी कोणी उचलत नाही, जिवाले घोर लागला. म्या सांगतलं, सारे घरीच हायेत, काही काळजी करू नोका. भला माणूस हो. सकाळीच निघाला म्हणे, आर्णी सोडली त्यानं.”

आर्णीहून यवतमाळ किती लांब आहे, हे त्या घरात कोणाला मोजावं लागलं नाही.

मधुसूदनरावांनी बैठकीतली खुर्ची उचलली आणि अंगणात फाटकासमोर नेऊन मांडली. रस्त्याकडं तोंड करून ते तीत बसले. रत्नप्रभाबाईंनी रेणूला घेतलं, खोलीचं दार लोटलं आणि पाठ लावून दाराशी बसल्या.

“तर सुरू करू या,” समीक्षाबाई म्हणाल्या. “साधारण एक तास लागेल. मध्ये उठावं लागणार नाही ना?”

गौरीनं खिडकीकडं पाहिलं नाही.

“नाही मॅडम,” ती म्हणाली. “विचारा.”