एकशे बेचाळिसावे पान

मी एक जुनी कादंबरी आहे, मित्रांनो. माझी गोष्ट आफ्रिकेतल्या एका गावची, भाषा मराठी आणि मुक्काम बंगळुरात, जयनगरच्या एका वाचनालयात. माझी शिवण दोनदा घातलेली आहे. मुखपृष्ठावरचा सूर्य तर कधीच पुसून गेला.

माझ्यात आमा नावाची नऊ वर्षांची मुलगी आहे. विहिरीवरून दोन वाड्यांचे भांडण जुंपलेले असते आणि ही पोर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना पाणी नेऊन देते. एकशे बेचाळिसाव्या पानावर कुणीतरी भिरकावलेला दगड तिला लागतो आणि ती मरते. त्यानंतर दोन्ही वाड्या गप्प होतात. दगड कुणाचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. बोलत मात्र कुणीच नाही.

तरुणपणी माझे फार कौतुक झाले. इंदिरानगरच्या वाचक मंडळात अद्वैत नावाचा आयटीतला मुलगा म्हणाला, "ॲक्च्युअली, तिच्या डेथमुळेच स्टोरी पुढे सरकते." सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला. मला काहीच वाटले नाही. जो कुणी मला उघडेल, त्याच्यासमोर मी आमाला मारायची. पुढे लोकांच्या हातात फोन आले आणि मी खालच्या फळीवर धूळ खात पडले. त्याचेही मला काही वाटले नाही.

वाचनालय नरसिंहरावांचे. पुस्तकांवर त्यांची पोटच्या पोरांसारखी माया. फाटके पान खळ लावून जोडावे तर त्यांनीच. पण कुणी पेन्सिलीची एक रेघ ओढली तरी ते डोळे वटारीत.

दर शनिवारी येणाऱ्या शारदाबाई गेल्या वर्षी चार महिने फिरकल्या नाहीत. शाळेतून घरी येताना त्यांची नात सुखदा भरधाव मोटारीखाली गेली होती. मग एका शनिवारी त्या आल्या आणि हाताला लागले ते पुस्तक त्यांनी उचलले. ते पुस्तक म्हणजे मी.

"उद्या घरी आणून देतो, अक्का. शिवण सुटलीय," नरसिंहराव गडबडीने म्हणाले.

शिवण धडधाकट होती. त्या गेल्यावर त्यांनी खळ शिजवली आणि माझी एकशे बेचाळीस व एकशे त्रेचाळीस ही समोरासमोरची पाने एकमेकांना चिकटवून टाकली. माझ्या आयुष्यात प्रथमच आमा मरायची राहिली.

आठ दिवसांनी शारदाबाईंनी मला टेबलावर ठेवले. "अण्णा, ही पोरगी घागर घेऊन निघाली. पुढच्या पानावर सगळे गुमान जेवायला बसलेत. ती कुठं गेली?"

"पानं स्वल्प चिकटलीत, अक्का. सोडा ते."

"मेली ना ती?"

नरसिंहरावांनी मला हळूच आपल्याकडे ओढून घेतले.

"आमच्या घरी पण असंच चाललंय. तिचे फोटो उचलून ठेवले, ताट आत ठेवलं. सगळे वेळेवर जेवतात. सुखदाचं नाव कुणी घेत नाही. मलाही रडू येत नाही हो. ह्या पोरीचं तरी काय झालं ते वाचू द्या."

"सरी, अक्का, वाचा," म्हणत त्यांनी ओला फडका आणला.

पाने सुटली, पण खळ पक्की होती. दगड लागला त्या ओळीतले आमाचे नाव सोलून निघाले आणि तिथे पांढरा डाग राहिला. शारदाबाई मोठ्याने वाचू लागल्या आणि त्या डागापाशी अडल्या.

"पेन्सिल द्या, अण्णा."

नरसिंहरावांनी कानामागची पेन्सिल काढून दिली. शारदाबाईंनी डागावर 'सुखदा' असे लिहिले, ते वाक्य पहिल्यापासून वाचले आणि त्या टेबलावर डोके टेकून हमसून हमसून रडल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला कळले की माझ्या पानावर कुणीतरी मेले आहे.

मित्रांनो, मला जपा. माझी शिवण घाला, धूळ झटका. पण ते पान पुन्हा चिकटवू नका आणि त्यावरचे पेन्सिलीतले नाव खोडू नका.