हिरेमास्तरांच्या घरचं गिऱ्हाईक

दागिन्यांच्या त्या दुकानात त्यांना सगळे हिरेमास्तर म्हणत, आणि त्या नावात हिऱ्यापेक्षा मास्तरकीच जास्त होती. नव्या विक्रेत्याला ते पहिल्याच दिवशी शिकवत की ट्रे कधी भरून मांडायचा नाही. डझनभर अंगठ्या मावतील अशा मखमली ट्रेमध्ये तीनच ठेवायच्या, बाकीच्या खालच्या ड्रॉवरमध्ये कोंबायच्या, आणि गिऱ्हाईक टेकलं की हळूच सुस्कारा सोडून म्हणायचं, "या घडणीतल्या एवढ्याच उरल्यात हो!" मग गिऱ्हाईक त्या तिघींकडे असं बघे, की आता चौथी जन्मालाच येणार नाही. इकडे ड्रॉवर इतका गच्च भरलेला असे, की मास्तरांना तो गुडघ्याने दाबून धरावा लागे.

ही अक्कल काही मास्तरांची स्वतःची नव्हे. दुकानाने एकदा त्यांना हिऱ्यांची खाण बघायला पाठवलं होतं. बघितलं काय, तर एक भलामोठा खड्डा, त्यात घरघरणारे ट्रक, आणि काठावरच्या खोलीत टेबलाशी बसलेल्या बायका. धान्य निवडावं तशा त्या निवडत होत्या, फरक एवढाच, की इथे बाकीचं फेकायचं आणि खडे ठेवायचे. ते खडे डब्यात जात आणि डबे तिजोरीत. "एवढे आहेत तर विकत का नाही?" मास्तरांनी भाबडेपणाने विचारलं. खाणीवरचा साहेब पोट धरून हसला. बाजारात किती सोडायचे ते वर ठरतं म्हणाला, सगळे सोडले तर विचारतो कोण!

मास्तर घरी परतले ते ब्रह्मज्ञान झाल्यासारखे. तेव्हापासून बायको कुठल्या दुकानाच्या काचेपाशी जरा घुटमळली, की यांची टकळी सुरू. "अगं, डबेच्या डबे भरलेत तिकडे! लोक मूर्ख आहेत म्हणून आपली चूल पेटते." दिवसभर जे लोकांच्या गळ्यात मारायचं, त्यालाच घरी येऊन नावं ठेवायची, पगार तिकडून, बचत इकडून. बायको उलटून काही बोलत नाही म्हणजे तिला सगळं पटलंय, अशी त्यांची ठाम समजूत होती. पुढे मास्तर स्वतःच हा किस्सा सांगत, तेव्हा इथवर आले की आपल्याच टाळक्यात टपली मारून म्हणत, "काय पण शहाणा!"

बायको पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात कामाला होती. आयुष्यभर कागदाला घड्या घालून ती निवृत्त झाली, आणि त्यानंतरच्याच आठवड्यात एका दुपारी, चांगले कपडे घालून, पर्स छातीशी धरून थेट मास्तरांच्या काउंटरसमोर येऊन बसली.

"किल्ली विसरलीस का?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. अंगठी बघायचीय. हिऱ्याची."

मास्तरांनी चटकन मालकांच्या टेबलाकडे पाहिलं. मालक नवे होते, जुन्या मालकांचे जावई. मास्तरांच्या बायकोला त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ते लगबगीने आले आणि म्हणाले, "मास्तर, ताईंना पाणी विचारलंत का?" इतक्या वर्षांच्या संसारात मास्तरांनी तिला पाणी विचारल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. ते उठले, स्वतः ग्लास भरून आणला, आणि मालकांच्या देखत बायकोला म्हणाले, "घ्या." ती गालातल्या गालात हसली.

मालक जरा लांब गेल्यावर मास्तर पुढे वाकून कुजबुजले, "वेड लागलंय का तुला? आयुष्यभराची कमाई या खड्यांवर उधळणार? हे बघ!" आणि त्यांनी खालचा तो गच्च ड्रॉवर अख्खा ओढून तिच्यापुढे आदळला. अंगठ्याच अंगठ्या.

तिने अंगठ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "मला माहितेय सगळं. खाण, डबे, तिजोरी, ऐकून ऐकून कान किटलेत माझे. हे आत ठेवा, आणि तीन मांडा."

"अगं, पण—"

"येणाऱ्या प्रत्येक बाईचा हात हातात घेऊन तुम्ही गोड गोड बोलता. खोटं असेना का! मला एकदा ऐकायचंय. माझ्या पैशांनी ऐकतेय, फुकट नाही."

मास्तरांनी ड्रॉवर गुडघ्याने दाबून परत आत बसवला. मग तीन अंगठ्या मांडल्या. निदान कामातला वकूब तरी दाखवावा म्हणून त्यांनी त्यातली एक उचलली. गिऱ्हाईकाच्या बोटाचं माप नुसत्या नजरेने सांगण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, आणि इथे तर घरचंच बोट, बघायची गरजच काय? त्यांनी न बघताच अंगठी चढवली. ती सांध्यावर अडली. मोठी घेतली, तीही अडली. त्याहून मोठी घेऊन जरा रेटली, तर बायकोने "आई गं" करून हात मागे ओढला.

"मास्तर, आज नजर कुठाय?" लांबून मालक म्हणाले.

आज कुठली, नजर लग्नाच्या दिवशीच थांबली होती; डोक्यातलं माप त्या दिवशीच्या बोटाचं होतं. मास्तरांनी पहिल्यांदा तिचा हात दिव्याखाली धरून पाहिला. सांधे सुजून गाठी झालेल्या, तर्जनी जरा वाकडी झालेली, अंगठ्यावर कागदाने कापल्याचे जुने पांढरे वण.

"हे कधीपासून?"

"झाली की बरीच वर्षं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही खाणीवरून आलात ना, त्याच दिवशी. तुम्ही डब्यांचं सांगत होतात."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली असती, तर मास्तरांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसतं सांगत होती. मग हात टेबलावर ठेवून म्हणाली, "हं, आता बोला."

मास्तरांनी तोंड उघडलं. ताई, ही अंगठी तुमच्याच बोटाची वाट बघत होती, हे वाक्य ते झोपेतही म्हणत. ते ओठांपर्यंत आलं आणि मास्तरांना त्याची किळस आली. दुसरं शोधलं, तेही तसलंच. जन्मभर जिभेच्या जोरावर जगलेला माणूस, आणि बायकोपुढे नुसता आ वासून बसला.

तिने बराच वेळ वाट पाहिली. मग पर्स उचलून ती उठली. "राहू दे. तुम्हाला नाही जमायचं." तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला ती ट्रेकडे बघत होती.

"बस," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढला की मालक दचकले. "बस गं. मला तुझ्या बोटाचं माप माहीत नव्हतं. लाज वाटतेय मला. बस जरा."

ती बसली. मास्तरांनी मापाच्या कड्यांचा जुडगा काढला, तिचा उजवा हात हातात घेतला आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. कडं सांध्यापाशी अडलं की थांबायचे, विचारायचे, "इथे दुखतं?" ती हो किंवा नाही म्हणायची. मग पुढचं बोट. मागे दोन गिऱ्हाइकं येऊन ताटकळली, मालक दोनदा खाकरले. मास्तरांचं लक्ष नव्हतं. करंगळी संपली.

"अहो," ती हळूच म्हणाली, "अंगठी एकाच बोटात घालायचीय."

"माहितेय," मास्तर म्हणाले. "दुसरा हात दे."