दादाला सांगायची पद्धत

मेंदूबद्दल मला जे काही कळतं ते उसवलेल्या पुस्तकांतून. माझा दादा पुस्तकं बांधतो. वैद्यकीय कॉलेजच्या लायब्ररीतली जाडजूड पुस्तकं कणा मोडून आमच्याकडे येतात. दादा जुने टाके कापून पानांच्या घड्या सुट्या करतो आणि त्या पुन्हा शिवल्या जाईपर्यंत मी वाचून घेते. शाळा माझी सातवीत सुटली, पण आख्खा माणूस मी वाचलाय, फक्त क्रमानं नाही.

दोन वर्षांपूर्वी दादाचा ताप मेंदूत गेला. नवी आठवण धरून ठेवणारी जागा, कानाच्या आतल्या अंगाला करंगळीएवढी असते, ती गेली. जुनं सगळं शाबूत. हातही शाबूत, दाभणानं पाडलेली भोकं अजून एका रेषेत. फक्त आत्ता घडलेलं पाव तासात पुसून जातं. वहिनी होती तोवर भागत होतं. कुठलं पुस्तक कुठवर आलं ते ती सांगायची, हा शिवायचा.

मग वहिनीच गेली. झोपेत, हृदयानं. दादानं स्वतः तिला स्मशानात पोहोचवलं आणि घरी येऊन हातपाय धुताना विचारलं, "ही कुठंय?"

दादाची मुलगी म्हणाली, "बाहेर गेलीय, बाबा." मला ते पटलं नाही. बायको गेली हे माहीत असण्याचा त्याचा हक्क आहे, असं मी तिला सुनावलं. त्याच आठवड्यात टेबलावर एक घडी सापडली होती. त्यात लिहिलं होतं की अशा माणसांना रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच शब्दांत सांगत राहिलं तर गोष्ट अंगवळणी पडते.

मुलगी नोकरीवर जायची, दिवसभर दुकानात मी आणि दादा. दहाला मी चहा आणायची, त्याच्या उजवीकडे बसायची, खांद्यावर हात ठेवायची. "दादा, वहिनी गेली. झोपेत गेली. त्रास झाला नाही."

रोज तो पहिल्यांदाच ऐकायचा. सुई खाली ठेवायचा, माझा हात धरायचा आणि रडायचा. मीही रडायची. मग चहा निवायचा, तो म्हणायचा, "आपण का बसलोय गं असे?" आणि पुन्हा सुई उचलायचा.

असे तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी त्यानं रोजचं ‘ही कुठंय?’ विचारलंच नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. पंचविसाव्यालाही नाही. मी मनात म्हटलं, पडलं बाई अंगवळणी.

चार दिवसांनी मुलगी स्वयंपाकघरात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "आत्या, एक बोलू? रागावू नकोस."

"आजवर कधी रागावले?"

"रोज. बरं ऐक, बाबा अजून आई कुठंय विचारतात. मला विचारतात, पेपरवाल्याला विचारतात. फक्त तू खोलीत असलीस की विचारत नाहीत. ते तुला घाबरतात."

मी हसले. पण दुसऱ्या दिवशी लक्ष ठेवलं. कपांचा आवाज आला तशी दादाची सुई थांबली. मी हात पुढे केला तसा त्याचा खांदा आपोआप बाजूला झाला. माझ्याकडे बघून कसनुसं हसत तो म्हणाला, "तू आलीस की पोटात गोळा येतो बघ. बरी आहेस ना?"

ज्या खांद्यावर बसून मी शाळेत गेले, तो खांदा.

दादाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, त्यांनी ऐकून घेतलं. "घटना त्यांच्याजवळ राहत नाही," त्या म्हणाल्या, "पण भीती मेंदूत दुसरीकडे साठते. बदामाएवढी जागा असते, ती त्यांची धडधाकट आहे. बातमी त्यांना आठवत नाही. बातमी आणणारी आठवते."

"पण पुस्तकात तर होतं, रोज सांगा म्हणून."

"कशाबद्दल होतं ते?"

घरी येऊन शोधलं. पुस्तक तोवर बांधून झालं होतं. माझ्या घडीच्या आधीची घडी मी वाचलीच नव्हती. त्यात धड्याचा मथळा होता: रोग्याला न्हाणीघराची वाट, दिव्याची बटणं, औषधाचा डबा शिकवणे.

"पुसता येतं का हे?" असं बाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, पुसत नाही, हळूहळू वर दुसरं काही बसतं. चहा नको, खांदा नको. नुसत्या बसत जा.

मी समोर बसू लागले. दोरा ओवून देत होते, लहानपणीच्या मारामाऱ्या काढत होते. पाच आठवडे. एकदा भोकं पाडता पाडता त्यानं विचारलं, "खरं सांग, आपलं भांडण झालंय का?"

"झालंय."

"कशावरून?"

"मी एकच गोष्ट तुला परत परत सांगत बसले."

"हात्तिच्या. ते तर तू बोलायला लागल्यापासून करतेस." त्यानं दाभण ठेवलं. "जा, सोडून दिलं."

त्याचा गुडघा टेबलाखाली अजून हलत होता. तरी खुर्ची पुढे ओढून, आवाज खाली आणून त्यानं मला विचारलं, "ही कुठंय गं? सकाळपासून दिसली नाही."

दीड महिन्यानं मला विचारलं त्यानं.

आजवर मी त्याच्या हक्काच्या गप्पा मारत होते. खरं सांगायचं तर तेवीस दिवस वहिनीसाठी माझ्याबरोबर रडायला कुणीतरी होतं. मुलगी रडत नाही, ती कामाला लागते. त्याला पुन्हा सांगितलं असतं, तर त्यानं माझा हात धरला असता.

"तिच्या बहिणीकडे गेलीय," मी म्हटलं. "राहील म्हणाली."

"मला न सांगता?"

"सांगून गेली. तू विसरलास."

"असेल," तो म्हणाला. "राहू दे, दमते फार." गुडघा थांबला. त्यानं पुढची घडी ओढली आणि मी दोरा ओवायला घेतला. डोळ्यांसमोर सुईचं भोक दिसेना, म्हणून जरा वेळ लागला.