विहीर दोन विड्यांवर

सायवनकडच्या पाड्यावर टँकर आला. वाचलंत? आता विसरा. टँकर आलेला नाही, मे महिना आहे, पाड्यावरून बारकीमावशीचा पुन्हा फोन येतोय आणि डहाणूच्या ऑफिसात मी पाय हलवत बसलोय.

टँकर आधी कुठे जाणार ते माझा प्रोग्रॅम ठरवतो. पाड्यांवरून मेसेज येतात, विहीर किती लांब. जितकी लांब तितका नंबर वर. आकडा सापडला नाही तर शून्य धर, असं मीच लिहिलं होतं. म्हणून मावशीची विहीर शून्य किलोमीटरवर, म्हणजे घरातच.

"मेसेज दाखव," शेजारच्या टेबलावरची दक्षा म्हणाली. प्रत्येक शक्यता आधीच लिहून ठेवायची, ही फंक्शनल प्रोग्रॅमिंगची सवय मला हिनेच लावली, तंबाखूसारखी.

मेसेज मावशीच्या नवऱ्याचा, काकड्यामामाचा. 'विहीर दोन विड्या.' चालता चालता दोन विड्या संपल्या की विहीर. प्रोग्रॅमला हवा आकडा, मिळाली अक्षरं.

"चूक गिळू नकोस. अंतर म्हणजे किलोमीटर किंवा विडी, असे दोन प्रकार कर. दोन्हींचं काय करायचं ते लिहिल्याशिवाय कंपायलर तपासणीत प्रोग्रॅम पुढे सोडणार नाही."

विडीचे किलोमीटर करायला मी पाड्यावर गेलो. मामा विडी ओढत पुढे, मी मोबाइलवर मोजत मागे. चढावर मामा विडी विझवायचा, सपाटीवर पेटवायचा. विहीर आली. विडी पेटलेली तेवढंच अंतर धरलं, ते इतकं कमी भरलं की पाडा यादीच्या तळाला.

"नि परत जाताना किती, मामा?"

"मला काय माहीत? मी इथंच झोपतो."

मावशी हंडा भरत होती. "डोक्यावर हंडा नि तोंडात विडी, कोणाला बघितलंस?"

"मग परतीचं किती धरू?"

"उचल नि सांग."

उचलला. पहिल्याच वळणावर अर्धा हंडा मोबाइलवर. मोजमाप समाप्त.

डहाणूला येऊन तिसरा प्रकार लिहिला, हंडा. अंतर माहीत नाही, टँकर आधी. कंपायलरने निमूट ऐकलं. टँकर गेला. मागोमाग वरच्या साहेबांचं पत्र आलं: 'हंडा हे अंतर नव्हे. जातानाचेच अंतर येताना धरावे, अन्यथा टँकर बंद.'

मी उत्तर धाडलं:

'महोदय, आपण एका भर दुपारी समक्ष येऊन, भरलेला हंडा डोक्यावर घेऊन विहिरीपासून बारकीमावशीच्या दारापर्यंत चालावे, व जाणे आणि येणे सारखेच असल्याचे सहीशिक्क्यानिशी प्रमाणित करून द्यावे, ही नम्र विनंती.'