गोळीच्या भरवशावरची बिडी

आमच्या मालकांना जन्मात एकच खरं दुखणं झालं आणि तेही दुखत नाही! लघवीला जळजळतं, मुतखडा असेल म्हणून गोंदियाला सोनोग्राफी केली, तर खडा राहिला बाजूला, पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगलेली निघाली.

डॉक्टर म्हणाले, "सेवकरामजी, ऑपरेशन करण्याएवढी अजून फुगलेली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजू."

"अना तवपर्यंत फुटली तं?" मी विचारलं.

"फुटली तर नागपूरपर्यंत पोचणंही कठीण," ते म्हणाले. मग त्यांनी ॲस्पिरिनची बारीक गोळी लिहून दिली, रोज जेवणानंतर एक. वजन उचलायचं नाही आणि बिडी बंद.

बिडी बंद म्हणे! दवनीवाड्यात सून म्हणून आले तेव्हापासून मी बिड्या वळते. आमच्या घरात पाहुण्याला तांदळाआधी तंबाखूचा वास येतो. ठेकेदाराकडे माल नेला की तो सैल, वाकड्या बिड्या नापास करून परत देतो. त्या कोण ओढणार? आमचे मालक. विकतची बिडी कधी तोंडाला लावली नाही, हे ते गावभर छाती फुगवून सांगतात.

घरी आल्यावर त्यांनी जेवण केलं, गोळी गिळली आणि बिडी पेटवली.

"अजी, डॉक्टरनं काय सांगतलन?"

"गोळी रगत पातळ करते, बिडी घट्ट करते. झाली ना बराबरी? कायले बोंबलून राहिली?"

खरं सांगते, मलाही ते पटलं. पटवून घेणं सोयीचं होतं. त्यांची गोळी चालू, माझं मांडीवरचं बिड्यांचं सूप चालू.

पण भीती काही गेली नाही. त्यांना शिंक आली तरी माझ्या हातातलं तेंदूचं पान निसटायचं. धानाच्या रोवणीच्या दिवसांत सगळं गाव चिखलात आणि हे बांधावर, पोटावर हात ठेवून बसलेले. घरात साप शिरलाय, कुठल्या कोपऱ्यात आहे तेही ठाऊक आहे, पण हात लावायची सोय नाही, असे ते महिने गेले.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा मोजलं. फुगवटा चांगलाच वाढला होता.

"गोळी तं एक दिवस चुकवली नाई जी," मालक रडकुंडीला आले.

"काकाजी, गोळी मुख्यतः हृदयासाठी आहे. तिने फुगवटा हळू वाढतो असं काही जण म्हणतात, पण खात्री कुणीच देत नाही. बिडीने तो वाढतो, हे मात्र पक्कं आहे. ओढता का अजून?"

मालक माझ्याकडे बघायला लागले. मग डॉक्टरही माझ्याकडे बघायला लागले.

"नापास झालेल्याच ओढतेत," मी म्हणाले. जीभ हासडून फेकावी असं वाटलं मला.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "तू वळणं नोको सोडू. खाऊ काय मंग? मी सोडतो."

दुसऱ्या दिवशी मी सूप उचलून शेजारच्या जमुनाबाईच्या पडवीत नेलं. नापास बिड्या तिच्याच चुलीत घालू लागले. इकडे मालक घरात एकटे. बडीशेप चघळायची, मांजरावर खेकसायचं, दारापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. बाहेर पानठेला, म्हणून मीच बाहेर जाऊ देत नव्हते. आत बसलं की पोटाचा विचार. माणूस जाणार कुठे?

एका संध्याकाळी मी बिड्या वळून घरी आले तर म्हणाले, "इकडं ये वं. बस जवळ."

बसले. त्यांनी माझा हात धरला. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने असा हात कधी धरला नव्हता. माझे डोळेच भरून आले. म्हटलं, "भिऊ नोका जी. मी आहो ना."

त्यांनी माझी बोटं नाकाशी नेली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. मग आणखी एक.

अंगाची आग झाली माझ्या. हात हिसकावून घेणार होते. पण हिसकावला असता तर ते उठून थेट पानठेल्यावर गेले असते.

मी हात तसाच राहू दिला.