अबीलियूची खाट

"सार्डिन आले गं बायांनो, ताजे फडफडीत सार्डिन!"

चाळीच्या तोंडाशी बसणाऱ्या ग्रासिंदाने हाळी दिली आणि देओलिंदाने हातातली इस्त्री उभी केली. सोमवारी कसले आलेत ताजे मासे? रविवारी होड्या समुद्रात जातच नाहीत. पण ही हाळी माशांसाठी नव्हतीच. पडद्यामागे दाढी करणारा तिचा धाकटा भाऊ अबीलियू गालावर अर्धा साबण घेऊनच उठला.

"जातो, ताई."

"तोंड तरी पूस! आणि हाक मारल्याशिवाय फिरकू नकोस."

शेजारून कुणाचा जावई, समोरून कुणाचा भाचा, कोपऱ्यातून कुणाची सासू, असे सगळे बिनबोभाट निघाले आणि नाक्यावरच्या कॅफेत जाऊन बसले. पोर्तो शहरातल्या या बैठ्या चाळीची ही जुनी रीत. भाडेपट्ट्यावर ज्याचं नाव नाही, त्याने मालकाचा माणूस आला की दिसायचं नाही. आता मालक गेला होता, चाळ नगरपालिकेने घेतली होती, तरी अंगवळणी पडलेली रीत काही सुटत नव्हती.

नगरपालिका ही घरं पाडून तिथेच परवडणाऱ्या भाड्याची नवी घरं बांधणार होती. तीही म्हणे रहिवाशांना विचारून. देओलिंदाला नेमकं तेच खुपत होतं. हॉटेलांच्या चादरींना इस्त्री करण्यात तिचा जन्म गेला होता, आणि विचारायला येणारा माणूस काहीतरी न्यायलाच येतो, एवढं ती शिकली होती. अबीलियूच्या आधीच्या भाड्याच्या खोलीवरही असाच एक गोडबोल्या आला होता. काय काय दुरुस्ती हवी, विचारून गेला. दुरुस्ती झाली, आणि झकास झालेली खोली पर्यटकांना गेली. तेव्हापासून अबीलियू बहिणीच्या पडद्यामागे राहत होता.

त्यामुळे वसंतात नगरपालिकेची वास्तुरचनाकार फिलिपा केक घेऊन घरोघर फिरली, तेव्हा देओलिंदाने केक खाल्ला आणि सांगितलं, "मी एकटीच असते."

"आणि हा दाढीचा ब्रश?"

"नवऱ्याची आठवण," देओलिंदा म्हणाली. नवरा मरेपर्यंत दाढी राखून होता, हे फिलिपाला कुठून ठाऊक असणार!

आज फिलिपा खडू घेऊन आली होती. कागदावरचे नकाशे बायकांना उमगत नाहीत म्हणून तिने चाळीच्या फरशीवर खऱ्या मापाचं घर आखलं. "या आत, देओलिंदाबाई. हे तुमचं."

एक खोली, एक मोरी, एक खाट. देओलिंदा खडूच्या रेघांत उभी राहिली. पडदा लावायला कुठे जागाच नव्हती.

"एवढंसंच?" ग्रासिंदाने विचारलं.

"काय करू? चाळभर विचारलं, तर प्रत्येक घरात एकटी बाई! मीच चक्रावले. पण तुम्ही सांगितलंत तसंच काढलंय. आज सह्या झाल्या की नकाशा पक्का. मग बदलता येत नाही."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. ताकाला जाऊन सगळ्यांनीच भांडं लपवलं होतं.

"सापळा आहे," ग्रासिंदा देओलिंदाच्या कानाशी पुटपुटली. "तोंड उघडू नकोस. आपल्याच तोंडून वदवून घेतील आणि दोघांनाही रस्त्यावर काढतील."

देओलिंदालाही तसंच वाटत होतं. पण सही केली तर अबीलियू कायमचा बाहेर, हेही रेघांत स्पष्ट दिसत होतं.

"समजा," ती म्हणाली, "नुसतं समजा हं, कुणाकडे कुणी राहत असेल, तर?"

"तर एक खोली वाढेल."

"आणि भाडं?"

"तेही थोडं वाढेल. खोटं कशाला सांगू?"

भाडं वाढणार नाही असं ती म्हणाली असती, तर देओलिंदा तिथेच गप्प बसली असती. वाढेल म्हणाली, म्हणून ही पोरगी तिला जराशी खरी वाटली.

"आणि आधी लपवलं म्हणून काही?"

"मी घरं आखते, बाई. पोलीस नाही."

देओलिंदा नाक्यावर गेली आणि अबीलियूला दंडाला धरून घेऊन आली. त्याच्या कानाखाली साबण वाळला होता.

"आपण कोण, काका?" फिलिपाने विचारलं.

"मी? पाहुणा," अबीलियू झटकन म्हणाला. "संध्याकाळच्या गाडीने जातोच आहे."

हे वाक्य देओलिंदानेच त्याला पढवलं होतं.

"माझा सख्खा भाऊ आहे," ती म्हणाली. आवाज फाटला तरी थांबली नाही. "इथेच राहतो. माझ्याजवळ."

ग्रासिंदाने छातीवर क्रूस काढला. फिलिपाने मात्र ओल्या फडक्याने एक रेघ पुसली, खोली वाढवली आणि विचारलं, "काका, तुमची खाट कुठे हवी?"

अबीलियूने मागे वळून पाहिलं. प्रश्न आपल्यालाच आहे, हे कळायला त्याला वेळ लागला.

"दाराजवळ चालेल."

"तिथे वारा लागेल."

"लागू दे. कुणी आलं तर पटकन उठून जाता येतं."

देओलिंदाने फिलिपाच्या हातून खडू घेतला, गुडघे धरत खाली बसली आणि दारापासून लांब, खिडकीखाली एक ऐसपैस खाट काढली. मग डोळे पुसले. बोटांचा खडू गालाला लागला.

"नीज बघू. पुरतेय का पाहू दे."

अबीलियूने बूट काढले, रेघेबाहेर जोडीने ठेवले आणि फरशीवर आडवा झाला. सवयीने अंग चोरून, अगदी कडेला.

"मध्ये सरक रे," देओलिंदा म्हणाली. "सगळी तुझीच आहे."