रंग चढलेली चिलीम

कारखाना सोडताना हातात आलेल्या पैशांतून दौलत जॉबरने, म्हणजे तिथल्या मुकादमाने, घराचे गळके पत्रे बदलले नाहीत. मुंबईला जाऊन एक पाइप घेतला. पांढऱ्या, हलक्या तुर्की दगडाचा. चौऱ्याहत्तर साली तेवढ्यात दुभती म्हैस आली असती. त्याची बायको राहीबाई एकदाच बोलली, की ओढायचा नाही तर घेतला कशाला? दौलत पाइप पुसत राहिला. काचेच्या कपाटात आधीचे पाच पाइप होते, आणि हा गृहस्थ स्वतः विडी ओढायचा.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण पत्र्यातलं पाणी अंथरुणावर टपकलं की माणसाला प्रश्न छळतो, आपण शहाणे की खुळे? म्हणून त्याने मुंबईच्या एका जाणत्या व्यापाऱ्याला बोलावून पाइप दाखवला. व्यापारी म्हणाला, हा दगड धूर पितो. वीस-पंचवीस वर्षं ओढला की मधासारखा रंगतो, आणि त्या रंगासाठी शौकीन मागेल ती किंमत मोजतात. कोऱ्याला कोण विचारतो?

दौलत बासष्ट वर्षांचा, छाती विडीनेच खिळखिळी झालेली. पंचवीस वर्षं आणायची कुठून?

दर शनिवारी अंबाडीकडच्या पाड्यावरून देवराम सरपणाची मोळी घेऊन यायचा. चाळिशीचा, काटक माणूस. मोळी टाकून ओट्यावर टेकायचा आणि कमरेची चिलीम काढायचा. बापाची, मातीची, तडा गेला तिथे पितळी तार गुंडाळलेली, धुराने काळीकुळकुळीत झालेली. ती बघून दौलतला युक्ती सुचली. त्याने पाइप देवरामच्या हाती दिला आणि रंग चढेपर्यंत रोज ओढ, पण जपून वापर, असं बजावलं. देवराम संकोचला, पण तंबाखूच्या देण्याला नाही म्हणू नये अशी त्याच्याकडची रीत. पाइप त्याने फडक्यात गुंडाळून नेला.

पुढच्या शनिवारी तो मोळीशिवाय आला. त्याने फडकं उलगडलं. पाइप काठापासून बुडापर्यंत तडकला होता. नवी चिलीम आधी रात्रभर पाण्यात भिजत घालतात, म्हणजे ती फुटत नाही. देवरामने मोठ्या मानाने पाइपही तसाच भिजवला आणि ओलाच पेटवला, अन् पाणी प्यालेला दगड आचेने तडकला. जपून वापर म्हटल्यावर तो आणखी काय करणार?

दौलतला राग आला, पण काढायचा कुणावर? चिलमीची रीत त्यालाही लहानपणापासून ठाऊक होती.

देवरामने कमरेची चिलीम काढून फुटक्या पाइपाशेजारी ठेवली.

"तुमचा माझ्या हातनं गेला, दादा. ही घ्या. बापाची हाय."

दौलत नको म्हणाला तसा देवरामचा चेहरा उतरला. त्याच्या बापाची वस्तू आपण हलकी ठरवतोय, हे ध्यानात येऊन दौलतने ती घेतली आणि कपाटात मधोमध ठेवली. तिची किंमत करायला गेला, तर काही केल्या आकडा सुचेना.

त्यापुढच्या शनिवारी देवराम मोळी टाकून ओट्यावर टेकला. सवयीने त्याचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने तो गुडघ्यावर ठेवला.

दौलतला ते बघवेना. कपाटातली चिलीम आणून त्याने तंबाखू भरली, पेटवली आणि देवरामपुढे धरली.

"आता माझी हाय ना ही?"

"तुमचीच."

"मंग तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. रोज ओढत जा. अजून रंगायची हाय ती."

देवरामने चिलमीकडे पाहिलं. रंग चढायला तिच्यावर तसूभर जागा उरली नव्हती. त्याने दोन्ही हातांनी चिलीम घेतली, एक दम मारला आणि दौलतच्या हाती दिली.